ट्रिगरफिश: कठीण कवचाचं खाणारा, कठीण स्वभावाचा मासा

डायडेमा नावाच्या सी अर्चिनच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. गोल, टणक अंग आणि त्यातून चहूबाजूंनी निघालेले काळे, टोकदार काटे. काही जातींत हे काटे वीतभराहून लांब असतात. काटा कातडीत शिरला की मोडून आतच राहतो आणि ठणका लावतो तो वेगळाच. अंगावर नुसती सावली पडली तरी अर्चिन काटे हलवून सावध होतो. एवढा बंदोबस्त असलेल्या प्राण्याच्या आतला मऊ भाग खायचा कसा?

ट्रिगरफिशकडे यावर एकाहून जास्त उपाय आहेत. एक असा: मासा अर्चिनजवळ येतो, डोकं खाली करतो आणि त्याच्या तळाशी तोंडातून पाण्याचा जोरदार झोत सोडतो. एकदा, दोनदा, पुन्हा. जमिनीला चिकटलेला अर्चिन शेवटी उलटा पडतो. अर्चिनचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तिथले काटे आखूड असतात, म्हणजे नेमकी कच्ची बाजू आता वर आलेली असते. मासा तिथेच चावा घेतो. दुसरा उपाय: एखादा लांब काटा दातांत धरून अर्चिनला तळापासून उचलायचं, थोडं वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, तो खाली येईपर्यंत त्याचा तळ उघडा पडतो. तिसरा उपाय कष्टाचा, काटे कुरतडून तोडायचे आणि मग कवचाला हात घालायचा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हान्स फ्रिके यांनी तांबड्या समुद्रातल्या ब्लू ट्रिगरफिशचं हे वागणं १९७०च्या दशकात तपशिलात मांडलं.

या माशाबद्दल एरवी सुटीसुटी माहिती सांगितली जाते. त्याचा पाठीवरचा काटा कुलपासारखा अडकतो, तो उलटा पोहू शकतो, डायव्हरला चावतो, वगैरे. मला वाटतं, सुरुवात त्याच्या जेवणापासून केली तर यातलं बरंचसं एका धाग्यात येतं. कवच फोडून खाणं हा त्याचा धंदा आहे, आणि शरीर काय किंवा स्वभाव काय, त्या धंद्याला साजेसाच आहे.

ट्रिगरफिशच्या सुमारे ४० जाती आहेत. त्यांचं कुळ बॅलिस्टिडी. फुगणारा पफरफिश, चौकोनी अंगाचा बॉक्सफिश आणि अवाढव्य सनफिश हे त्यांचे नातेवाईक. फाइलफिश तर अगदी जवळचे. बहुतेक जाती उष्ण समुद्रांत, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास राहतात. काही जाती वीतभरच वाढतात, टायटन ट्रिगरफिश मात्र पाऊण मीटरपर्यंत जातो आणि पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरचा स्टोन ट्रिगरफिश जवळपास मीटरभर होतो.

आता चेहरा पाहा. डोकं अंगाच्या मानाने भलंमोठं, जवळजवळ एकतृतीयांश. पण तोंड अगदी छोटं, आणि ते थेट टोकाला. डोळे मात्र दूर मागे, पार वर. तोंड आणि डोळे यांच्यात एवढं अंतर का, याचं उत्तर अर्चिनच्या काट्यांत आहे: तोंड काट्यांमध्ये घुसलं तरी डोळे बाहेर सुरक्षित राहतात. शिवाय दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. एक डोळा भक्ष्यावर असताना दुसऱ्याने मागून कोण येतंय ते बघता येतं.

तोंड लहान असल्याचा तोटा वाटतो, पण फायदा जास्त आहे. आखूड जबड्यावर मोठे स्नायू काम करतात तेव्हा सगळा जोर टोकाच्या दातांवर एकवटतो. बाहेरच्या ओळीत वर आठ आणि खाली आठ दात, पटाशीसारखी धार असलेले. वरच्या जबड्यात त्यांच्या मागे चपट्या दातांची आणखी एक ओळ, पुढच्या दातांना आधार देणारी. खेकडे, शिंपले, गोगलगायी, नळीतले किडे, प्रवाळाच्या फांद्या, यांतलं काहीही या दातांपुढे टिकत नाही. वाळूत लपलेलं भक्ष्य हवं असेल तर मासा पुन्हा पाण्याचा झोत सोडून वाळू उडवतो आणि खड्डा करतो. मोठा टायटन असा खणायला लागला की भोवती छोट्या माशांची गर्दी जमते, कारण उडालेल्या वाळूतून निघणारे बारीक जीव त्यांना आयते मिळतात. टायटनचं त्यांच्याकडे फारसं लक्ष नसतं.

सगळेच ट्रिगरफिश कवचं फोडत बसत नाहीत, हेही सांगायला हवं. लाल दातांचा रेडटूथ ट्रिगरफिश थव्याने प्रवाळाच्या वर तरंगत पाण्यातले बारीक प्लवक टिपतो. ब्लॅक ट्रिगरफिश शेवाळही खातो आणि प्लवकही, आणि त्याची भूक तर निलाजरी म्हणावी अशी. ब्राझीलच्या फर्नांडो दे नोरोन्या बेटांपाशी डॉल्फिनचे कळप विश्रांतीला येतात, तिथे हे मासे डॉल्फिनची विष्ठा आणि ओकारी खाताना संशोधकांनी नोंदवले आहेत. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाभोवती तर ते इतके आहेत की पाण्यात काही पडलं रे पडलं की झुंबड उडते.

पुन्हा शरीराकडे येऊ. ट्रिगरफिशचे खवले जाड, एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि अंगाभोवती कडक आवरण तयार करतात. काटेरी आणि चिमटे मारणाऱ्या भक्ष्याशी रोज झटापट करणाऱ्याला असं आवरण उपयोगीच. पण त्याची किंमत मोजावी लागते. बहुतेक मासे अंग डावी-उजवीकडे वळवून शेपटीच्या जोरावर पोहतात. कडक आवरणात अडकलेल्या अंगाला तसं वळता येत नाही. म्हणून ट्रिगरफिश पाठीवरचा मागचा पर आणि पोटाखालचा मागचा पर या दोघांतून लाटा सोडत पोहतो. पराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट सरकते आणि मासा पुढे जातो. लाट उलट्या दिशेने सोडली की मागे. दोन परांचा जोर कमी-जास्त केला की कुशीवर कलतो, डोकं खाली करून एका जागी स्थिर राहतो, जागच्या जागी वळतो. अर्चिनभोवती घिरट्या घालून नेमकी जागा शोधायची तर असंच पोहणं लागतं. शेपूट आहे, पण ती राखून ठेवलेली: पळायचं किंवा हल्ला करायचा असेल तेव्हाच.

म्हणजे काम नेमकं, पण वेग बेताचा. दिवसभर उघड्यावर खणत, फोडत बसणाऱ्या अशा माशाला मोठा शिकारी मासा आला तर पळून फार लांब जाता येणार नाही. इथे तो प्रसिद्ध काटा कामाला येतो.

पाठीवरच्या पुढच्या परात तीन काटे असतात. पहिला जाडजूड, लांब, खरखरीत. दुसरा आखूड. तिसरा नावापुरता. एरवी तिन्ही काटे पाठीवरच्या एका खाचेत आडवे बसलेले असतात, दिसतसुद्धा नाहीत. धोका वाटला की मासा पहिला काटा ताठ उभा करतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही उभा राहतो. दुसऱ्या काट्याचा पुढचा भाग पहिल्याच्या बुडाशी मागून असा बसतो की पहिल्याला मागे पडायला जागाच उरत नाही. दाराला आतून अडसर घातल्यावर बाहेरून कितीही ढकललं तरी जे होतं तेच इथे होतं. पहिल्या काट्यावर वरून कितीही जोर लावा, तो एक तर तसाच राहील नाहीतर मोडेल, वाकणार नाही. पण दुसरा काटा बोटाने नुसता खाली दाबला की अडसर निघतो आणि पहिला काटा लगेच आडवा होतो. या दुसऱ्या काट्याला म्हणतात ट्रिगर, म्हणजे खटका.

गंमत अशी की कुलूप लावून ठेवायला स्नायूंना ताकद लावावी लागत नाही. उभं करायला लागते तेवढीच. त्यामुळे मासा तासन्‌तास तसाच राहू शकतो. कपारीत शिरायचं, वरचा काटा उभा करायचा आणि त्याच वेळी पोटाखालचं कमरेचं हाड खाली ढकलायचं. वर काटा छताला, खाली हाड जमिनीला, मध्ये मासा घट्ट अडकलेला. बाहेरून शेपटीला धरून ओढलं तर तो आणखीच पक्का बसतो. रात्रीची झोपही अशीच कपारीत. रेडटूथ ट्रिगरफिश संकटात आपापल्या बिळात घुसतात तेव्हा तर सगळ्या खडकातून शेपट्याच तेवढ्या बाहेर राहिलेल्या दिसतात. ज्याला कपार सापडली नाही त्यालाही उभ्या काट्याचा उपयोग होतो, कारण अंग उंच आणि खवले राठ असलेला, वर काटा उभारलेला मासा गिळणं कुणालाही जड जातं.

पकडलेला ट्रिगरफिश आवाजही करतो. पाण्याबाहेर काढल्यावर येणारी ती घुरघुर मच्छीमारांना ओळखीची असते. कल्ल्यांच्या फटीमागे काही खवले मोठे आणि कडक असतात, आणि त्यांच्या लगेच आत हवेने भरलेलं वाताशय असतं. पिकासो ट्रिगरफिशवरच्या प्रयोगांत दिसलं की छातीवरचा पर या खवल्यांवरून आळीपाळीने सरकवला की ते आत दाबले जातात, वाताशय कंप पावतं आणि ढमढम आवाज निघतो. चिडलेला किंवा घाबरलेला मासा असं वाजवतो.

हाच पिकासो ट्रिगरफिश, थोबाडावर निळ्या-काळ्या पट्ट्या आणि पिवळे ओठ असलेला, प्रयोगशाळेत मोठा विद्यार्थी ठरला आहे. ठरावीक रंगाच्या ठिपक्याला तोंड लावलं की खाऊ मिळतो, हे त्याला शिकवता येतं. एकदा तो शिकला की त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे विचारता येतं. बऱ्याच माशांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या काही शंकूपेशी जोडीने चिकटलेल्या असतात. ही जोडी एकच संदेश देते की दोन वेगळे, हा जुना प्रश्न होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की पिकासो ट्रिगरफिश जोडीतल्या दोन्ही पेशींचा स्वतंत्र उपयोग करतो. एकट्या पेशींचा एक प्रकार धरून त्याला तीन मूळ रंगांवर आधारलेली दृष्टी मिळते, आपल्यासारखीच. २०१६ साली त्याच्यावर आणखी मजेशीर प्रयोग झाला. एकच करडा ठिपका काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद वाटतो, हा आपल्याला होणारा दृष्टिभ्रम माशालाही होतो असं आढळलं. माणसाचा मेंदू आणि या माशाचा मेंदू यांच्यात एवढं अंतर असूनही दोघंही तिथेच फसतात, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

आता स्वभाव. ट्रिगरफिश एकूणच भांडखोर. आपली हद्द राखणारा, घुसखोराला हुसकावणारा. घरच्या टँकमध्ये ठेवणाऱ्यांना हे लवकरच कळतं: सोबतचे मासे, कोळंबी, गोगलगायी एकेक करून नाहीसे होतात, दगड हलवले जातात. पण खरा धुमाकूळ विणीच्या दिवसांत.

अनेक जातींची वीण चंद्राच्या कलांशी जुळलेली असते, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरून. नर आपापल्या हद्दी राखतात आणि एका नराच्या हद्दीत बऱ्याचदा एकीहून जास्त माद्या येतात. वाळूत खड्डा करून त्यात चिकट अंड्यांचा पुंजका ठेवला जातो. अंडी राखायचं काम बऱ्याच जातींत मादीचं. ती वरून पाणी फुंकत राहते, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो, पडलेला कचरा उचलून टाकते, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाते. काही जातींत हे सगळं एका दिवसात उरकतं: पहाटेच्या सुमारास अंडी, आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर पिल्लं बाहेर. अंधारात बाहेर पडलेली इवलीशी पिल्लं दिवसा टिपणाऱ्या माशांच्या तावडीतून सुटतात. अटलांटिकमधल्या ग्रे ट्रिगरफिशला जवळपास दोन दिवस लागतात. मेक्सिकोच्या आखातात या जातीचे नर घरट्याच्या जागा तयार करतात, माद्या अंड्यांवर बसून पहारा देतात आणि नर भोवतीची हद्द सांभाळतो.

राखणीचा काळ इतका थोडा असतो म्हणूनच कदाचित ती इतकी जहाल असते. टायटन ट्रिगरफिशच्या घरट्याजवळ गेलेल्या डायव्हरला याचा अनुभव येतो. मासा आधी इशारा देतो: पाठीवरचा काटा उभा, आणि कुशीवर कलून एका डोळ्याने तुमच्याकडे निरखून पाहणं. हा इशारा कळला नाही तर तो सुसाट अंगावर येतो, पायातल्या फिनला चावतो, कधी मांडीला. शिंपला फोडणारे दात माणसाच्या कातडीला काय करतील ते सांगायला नको. चाव्यात विष नसतं, पण जखम खोल होऊ शकते. घरट्याची हद्द वर पृष्ठभागाकडे रुंदावत जाते असं डायव्हर मानतात, म्हणून वर पळायचं नाही. तोंड माशाकडे, फिन मध्ये, आणि आडवं सरकत लांब जायचं. वर न पळण्याला दुसरं कारण जास्त पक्कं आहे. सिलेंडरच्या हवेवर श्वास घेणाऱ्याने घाबरून झपाट्याने वर येणं हे माशाच्या चाव्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. टायटनचं मांस खाणंही बेभरवशाचं. प्रवाळांवरच्या सूक्ष्मजीवांपासून तयार होणारं सिग्वाटेरा नावाचं विष मोठ्या माशांच्या अंगात साठतं आणि ते शिजवूनही जात नाही.

पिल्लं मात्र आईबापांच्या हद्दीत राहत नाहीत. ती खुल्या समुद्रात वाहत जातात. ग्रे ट्रिगरफिशची पिल्लं तरंगत्या सार्गासम शेवाळाच्या आडोशाने काही महिने काढतात आणि मग तळाशी उतरतात. ओशन ट्रिगरफिश तर मोठेपणीही तरंगत्या ओंडक्यांभोवती घोटाळताना दिसतो.

राहता राहिला प्रश्न असा की हा चिडका मासा नसला तर कुणाचं काय बिघडेल? केनियाच्या किनाऱ्यावर याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळालं. तिथे एकिनोमेट्रा जातीचे छोटे अर्चिन प्रवाळांवर राहतात. शेवाळ खाताना ते खालचा चुनखडीचा खडकही खरवडतात. थोडे असले तर चालतं, पण संख्या वाढली की खडक तयार होण्यापेक्षा झिजायलाच जास्त लागतो. टिम मॅकक्लॅनहन आणि सहकाऱ्यांनी मासेमारी चालणाऱ्या आणि बंदी असलेल्या भागांची तुलना केली. अर्चिन दोऱ्याने बांधून ठेवायचे आणि किती खाल्ले गेले, उरलेल्या कवचावर कुणाच्या दातांच्या खुणा आहेत ते तपासायचं, अशी साधी पण हुशार पद्धत. बंदीच्या भागात अर्चिन पटापट संपत, आणि संपवणाऱ्यांत आघाडीवर होता ऑरेंज-लाइन्ड ट्रिगरफिश, फूटभर लांबीचा, हिरव्या अंगावर नारिंगी रेघा असलेला. जाळ्यांनी आणि सापळ्यांनी तो उचलला गेला की अर्चिन बेसुमार वाढत. मासेमारी थांबवल्यावर तो परत येतो, पण हळूहळू. कित्येक वर्षं जावी लागतात.

यावरून जास्त ट्रिगरफिश म्हणजे निरोगी प्रवाळ असा सरळ हिशेब कुणी मांडला तर कॅरिबियन समुद्र तो मोडतो. तिथे शेवाळ खाणारे मासे आधीच खूप पकडले गेले होते आणि प्रवाळांवरचं शेवाळ साफ ठेवायचं काम मुख्यतः डायडेमा अर्चिनवर येऊन पडलं होतं. १९८३ साली पनामाजवळून एक साथ सुरू झाली आणि वर्षभरात जवळपास सगळ्या कॅरिबियनमधले ९० टक्क्यांहून जास्त डायडेमा मेले. मग शेवाळ माजलं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरले. म्हणजे केनियात जो अर्चिन जास्त झाला म्हणून त्रास, त्याचाच भाऊबंद इथे नाहीसा झाला म्हणून त्रास. कुठल्या खडकावर आणखी कोण कोण राहतं, यावर ते ठरतं.

या साथीत क्वीन ट्रिगरफिशचं मुख्य अन्नच गेलं. डायडेमा हे त्याचं ठरलेलं जेवण होतं. साथीनंतर लगेच पकडलेल्या माशांची पोटं तपासली तेव्हा त्यांत इतर कवचधारी प्राणी सापडले. अर्चिन उलटवायला आलेले तेच दात, तेच मागे बसलेले डोळे, जागच्या जागी फिरण्याचं तेच कसब खेकड्यांवरही चालतं. अडचण आली ती दुसऱ्याच बाजूने. ट्रिगरफिश चवीला चांगला म्हणून अटलांटिकमध्ये त्याची मासेमारी वाढत गेली, आणि निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ग्रे ट्रिगरफिश आता असुरक्षित गटात आहे, तर क्वीन त्याच्या एकच पायरी अलीकडे. जाळं ओढून वर आणणाऱ्यापुढे पाठीवरचा काटा उभा करून काही होत नाही.